हायब्रिड गाडीच्या एसीत गॅस भरण्याआधी

मे महिना लागला की आमच्या कुडाळच्या वर्कशॉपमध्ये दिवसातून चार-पाच वेळा एकच वाक्य ऐकू येतं. "गाडीतलो गॅस संपलो असतलो, जरा भरून दे." मुंबईहून रात्रभर गाडी चालवत आलेला चाकरमानी असो नाहीतर आंब्याच्या पेट्या पोचवायला निघालेला बागायतदार, एसी मंद झाला की निदान ठरलेलं. साध्या गाडीत हे निदान चुकलं तर बहुतेक वेळा पैसे वाया जातात, एवढंच. हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि वीज-मोटार दोन्ही असलेल्या गाडीत, मात्र चुकीच्या पद्धतीने भरलेला गॅस अख्खी गाडी जागेवर उभी करू शकतो.

गेल्या वर्षी मालवणच्या बाजूने एक गाडी टोइंगवर आली. मालक शिक्षक. पंधरा दिवसांपूर्वी महामार्गावर एका ठिकाणी त्यांनी गॅस भरून घेतला होता. भरणाऱ्याने गॅसबरोबर थोडं तेलही सोडलं, "कंप्रेसर मऊ चालतो" म्हणून. चार दिवस गाडीत गारवा होता. मग डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टीम तपासण्याचा इशारा लागला आणि एका सकाळी बटण दाबल्यावर गाडी चालायला तयार असल्याचा 'रेडी'चा दिवा लागलाच नाही. इंजिन चांगलं, बॅटरी चांगली, पेट्रोल भरलेलं, तरी गाडी हलेना. सर मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "अहो, एसीच्या गॅसचा आणि गाडी सुरू होण्याचा संबंध काय?" त्या प्रश्नाचं उत्तर हायब्रिड घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी एसी काम कसा करतो ते बघू. मातीच्या माठाला बाहेरून ओल सुटते, ती वाळते आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एसीतही हेच घडतं, फक्त पाण्याऐवजी असा पदार्थ वापरतात जो फार कमी तापमानाला उकळतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस मोकळ्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि केबिनमधली उष्णता शोषून घेतो. कंप्रेसर त्याला ओढून दाबतो. पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये तो ती उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देऊन पुन्हा द्रव होतो, बारीक भोकाच्या व्हॉल्व्हमधून परत कॉइलमध्ये शिरतो आणि पुन्हा उकळतो. तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. पेट्रोलसारखा तो जळत नाही, म्हणून संपतही नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळाला आहे.

आता हायब्रिडचा फरक. साध्या गाडीत कंप्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. हायब्रिडमध्ये सिग्नलला, रांगेत, उतारावर इंजिन बंद होतं. तेव्हा पट्ट्यावरचा कंप्रेसरही थांबणार. म्हणून स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे जी नुसत्या विजेवरही चालू शकते अशा गाडीत, कंप्रेसरला स्वतःची वीज-मोटार असते आणि ती गाडीच्या मोठ्या बॅटरीवर चालते. टोयोटाने २००३ साली दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये असा कंप्रेसर बसवला. आज आपल्या रस्त्यांवरच्या इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड, होंडा सिटी ई:एचईव्ही अशा गाड्यांत तो असतो. या बॅटरीचं व्होल्टेज घरच्या सॉकेटच्या आसपास, काही गाड्यांत त्याहून जास्त, आणि तेही डीसी.

महत्त्वाची गोष्ट अशी की ही मोटार कंप्रेसरच्या पोटातच, गॅस आणि तेलात बुडालेली असते. तिच्या तांब्याच्या गुंडाळ्यांना गॅस आणि तेल सतत लागत राहतं. त्यामुळे ते तेल वंगणाचं काम करणारं तर हवंच, शिवाय विजेला अडवणारंही हवं. म्हणून तिथे पीओई जातीचं ठरावीक तेल वापरतात. डेन्सोच्या कंप्रेसरवर त्याचं नाव एनडी-११ असं छापलेलं सापडेल. साध्या गाड्यांत पीएजी जातीचं तेल असतं. ते वंगण म्हणून उत्तम, पण वीज अडवण्यात कच्चं. पीएजीचा थोडासा अंश जरी मोटारीपर्यंत पोचला तरी तिथलं इन्सुलेशन ढासळतं आणि वीज कंप्रेसरच्या धातूच्या अंगात झिरपू लागते. हायब्रिडचा कॉम्प्युटर अशा झिरपण्यावर सतत नजर ठेवून असतो, कारण त्यातून माणसाला शॉक बसू शकतो. झिरपलेलं दिसलं की तो इशारा देतो आणि पुढच्या वेळी मोठी बॅटरी जोडायलाच नकार देऊ शकतो. सरांच्या गाडीचं हेच झालं होतं. इन्सुलेशन मोजायचा मेगर लावला तेव्हा कंप्रेसरचं इन्सुलेशन पार खाली आलेलं. एकदा मिसळलेलं तेल पुरतं धुऊन निघत नाही. कंप्रेसर, कंडेन्सर, काही पाइप, सगळं बदलावं लागलं. इलेक्ट्रिक कंप्रेसरची किंमत साध्याच्या कित्येक पट असते, हे वेगळं सांगायला नको.

तेल बाटलीतून ओतलं तरच धोका, असंही नाही. दिवसभर साध्या गाड्यांना लावलेल्या, गॅसचा दाब मोजायच्या गेजच्या नळ्यांत पीएजीचे थेंब राहिलेले असतात. त्याच नळ्या हायब्रिडला लावल्या की ते थेंब आत जातात. चांगल्या वर्कशॉपमध्ये हायब्रिडसाठी नळ्या वेगळ्या ठेवतात किंवा गॅस भरायचं मशीन आधी नळ्या आतून धुऊन घेतं.

एक खुलासा इथेच करतो. माइल्ड हायब्रिड, म्हणजे जिथे वीज-मोटार इंजिनला फक्त हातभार लावते, म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत कंप्रेसर पट्ट्यावरचाच असतो. २०२२ साली आलेल्या ग्रँड विटारा आणि हायरायडर तर एकाच नावाने माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन्ही रूपांत मिळतात, म्हणजे गाडीच्या नावावरून काहीच ठरत नाही. ओळखायचं असं: बॉनेट उघडून कंप्रेसरकडे बघा. त्याला जाड नारिंगी केबल जात असेल तर तो मोठ्या बॅटरीवरचा. आणखी एक खूण आहे. सिग्नलला इंजिन बंद पडल्यावर हळूहळू गरम हवा येऊ लागली, तर माइल्ड हायब्रिडमध्ये ते स्वाभाविक आहे. स्ट्राँगमध्ये इंजिन बंद असतानाही गारवा टिकायला हवा. बॉनेटखाली बघताना मात्र गाडी पूर्ण बंद करा आणि चावी लांब ठेवा. हायब्रिडचं इंजिन 'रेडी'मध्ये असताना आपणहून सुरू होतं, आणि तेव्हा हात पंख्याजवळ असला तर बोटं जातील. नारिंगी केबलला आणि तिच्या जोडणीला हात लावायचा नाही. ते काम हातमोजे घालून, मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढून करणाऱ्या, प्रशिक्षण असलेल्या माणसाचं.

मग एसी मंद वाटला तर घरी काय करता येतं? पुष्कळ. आमच्याकडे 'गॅस भरा' म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या गॅस न भरताच थंड होऊन गेल्या आहेत.

ग्लोव्ह बॉक्सच्या मागे एसी फिल्टर असतो. बहुतेक गाड्यांत हत्यार न लावता तो काढता येतो. तळकोकणच्या आतल्या रस्त्यांवर जांभ्याची लाल धूळ उडते आणि पावसाळ्यात त्याच धुळीवर ओल धरून बुरशी येते. मी काढलेला एक फिल्टर हातात धरला तर कौलाच्या तुकड्यासारखा लाल आणि जड लागत होता. अशा फिल्टरमधून हवाच येत नाही, आणि गाडीवाल्याला वाटतं गार हवा येत नाही. दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत. व्हेंटमधून येणारी हवा थोडी पण बर्फासारखी गार असेल तर गॅसला दोष देऊ नका. फिल्टर किंवा ब्लोअर बघा. हवा भरपूर पण कोमट असेल तर पुढचं बघायचं.

पुढचं म्हणजे कंडेन्सर. जाळीतून टॉर्च मारून बघा. पानं, किडे, चिखल बसलेला असेल तर पाइपच्या साध्या, मंद पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर अॅल्युमिनियमच्या पातळ पाकळ्या आडव्या होतात आणि वाऱ्याची वाटच बंद होते. तारकर्ली, देवबाग, वेळणेश्वर, कुठेही किनाऱ्यालगत गाडी उभी राहत असेल तर आठवड्याला एकदा गोड्या पाण्याने कंडेन्सर धुण्याची सवय लावा. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ त्या पाकळ्यांत बसतं, ओल धरतं आणि अॅल्युमिनियम खातं. पाकळी बोटाने चुरगळून पांढरी पूड पडली की समजायचं, मीठ कामाला लागलं आहे. वाळूवर गाडी घालण्याची हौस असेल तर ही किंमत मोजावी लागते.

आता तिसरी गोष्ट, जी फक्त हायब्रिडची आहे आणि जिच्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष नसतं. बऱ्याच हायब्रिड गाड्यांची मोठी बॅटरी केबिनमधल्याच हवेने थंड राहते. सीटच्या खाली किंवा बाजूला एक छोटी जाळी असते, तिच्यातून पंखा हवा ओढून बॅटरीवर सोडतो. जागा मॉडेलप्रमाणे बदलते, मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. देवगडच्या एका बागायतदारांच्या गाडीत ही जाळी मी उघडली तर आत पेंढ्याच्या काड्यांचा बोळा. आंब्याच्या पेट्या मागे घालून दोन मोसम फेऱ्या झालेल्या. पेट्यांतला पेंढा थोडा थोडा ओढला गेलेला. वर एक गोणपाट टाकलेलं, सीट खराब होऊ नये म्हणून, ते नेमकं जाळीवर. बॅटरी तापली की गाडी तिच्याकडून कमी काम घेते, पंखा आवाज करत जोरात फिरतो, पेट्रोल जास्त लागतं. केबिनची हवाच गरम असेल तरी तेच. म्हणजे एसी मंद असणं हा हायब्रिडमध्ये फक्त घामाचा प्रश्न राहत नाही, बॅटरीच्या आयुष्याचाही होतो. काकांना मी एवढंच सांगितलं, पेट्या घाला, पण जाळी मोकळी ठेवा आणि महिन्यातून एकदा तिथे व्हॅक्यूम क्लीनर फिरवा.

आणि एसी खरंच मंद आहे का, हेही तपासा. कोल्हापूरला मस्त थंड करत होता, फोंडा घाट उतरल्यावर बिघडला, अशी तक्रार मी दर उन्हाळ्यात ऐकतो. घाटाखाली हवेत पाणी कितीतरी जास्त असतं. एसीला ती हवा थंड करण्याआधी त्यातलं पाणी काढावं लागतं, आणि ते काम साधं नाही. एक लिटर बाष्पाचं पाणी करताना एसी जेवढी उष्णता ओढतो, तेवढ्यावर सात लिटर थंड पाणी उकळीला येईल. गाडीखाली टपटप पडणारं पाणी म्हणजे हीच मेहनत. ते पडतं आहे हे चांगलं लक्षण. काचा बंद, हवा आतल्या आत फिरणारी, इको मोड बंद, अशी दहा मिनिटं सावलीत गाडी ठेवून मधल्या व्हेंटमध्ये साधा थर्मामीटर धरा. दहा अंशांच्या आसपास किंवा खाली आकडा आला तर आपल्या मे महिन्यातल्या दमट हवेत एसी ठीक आहे. अठरा-वीसच्या खाली येतच नसेल तर वर्कशॉपची वाट धरा.

आता गॅसबद्दल. पट्ट्यावरच्या कंप्रेसरचा दांडा बाहेर येतो, त्या दांड्याभोवतीच्या सीलमधून वर्षाला काही ग्रॅम गॅस झिरपतो. इलेक्ट्रिक कंप्रेसरमधून बाहेर येणारा असा फिरता दांडाच नाही, मोटार आतच बंद आहे. म्हणून स्ट्राँग हायब्रिडचा गॅस साध्या गाडीपेक्षा जास्त टिकतो. तीन-चार वर्षांच्या हायब्रिडमध्ये गॅस कमी झाला असेल तर "वयामुळे झाला" हे उत्तर मान्य करू नका. गळती शोधायला लावा.

गळतीची जागा बऱ्याच वेळा डोळ्यांनी दिसते. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, पाइपच्या जोडावर बोटाएवढा काळपट, तेलकट डाग दिसला तर संशय तिथे घ्या. मी अशा डागावर साबणाचं पाणी सोडतो आणि थांबतो. अर्ध्या मिनिटाने मोहरीएवढा एक बुडबुडा येतो, फुटतो, पुन्हा येतो. गॅस भरायच्या तोंडांवरची काळी टोपीही बघा. आतला व्हॉल्व्ह गाडीच्या टायरच्या व्हॉल्व्हसारखाच असतो, तो थोडा सुटला तर टोपीच गॅस अडवते. दोन रुपयांची ही वस्तू बऱ्याच गाड्यांत गायब असते.

आता लोक गॅस भरताना जिथे चुकतात तो भाग. गेज लावून काट्यावर गॅस भरतात. पण दाब बघून गॅस किती आहे ते कळत नाही. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर आठवा. भरलेला असो की पाव उरलेला, शेगडीची ज्योत तशीच, कारण आत द्रव आहे तोवर दाब तापमानावर ठरतो. म्हणून सिलिंडर आणणारा दादा तो वजनकाट्याला लटकवून वजन दाखवतो. आर-१३४एचंही तसंच. एसी बंद असताना ३० अंशांना सिस्टीममध्ये १०० पीएसआयच्या जवळपास दाब दिसेल, मग आत २५० ग्रॅम असो की ५००. एसी चालू करून वाचावं, तर साध्या गाडीत इंजिनचा वेग एका जागी धरता येतो. हायब्रिडच्या कंप्रेसरचा वेग कॉम्प्युटर क्षणाक्षणाला बदलतो, काटाही त्याच्याबरोबर हलतो. अशा काट्यावर विसंबून भरलेला गॅस कमी तरी होतो नाहीतर जास्त. जास्त झालेला गॅसही गारवा घालवतो, कारण कंडेन्सर द्रवाने भरून जातो आणि दाब वाढतो; मग कंप्रेसर स्वतःला सांभाळायला वेग कमी करतो. लहान गाड्यांत एकूण गॅसच ४०० ते ६०० ग्रॅमच्या घरात असतो. तिथे पन्नास-शंभर ग्रॅमची चूकही जाणवते.

बॉनेटखाली एक स्टिकर असतो. त्यावर गॅसचा प्रकार, ग्रॅममधलं वजन आणि बऱ्याचदा तेलाचं नाव लिहिलेलं असतं. बरोबर पद्धत अशी: मशीन आतला जुना गॅस ओढून घेतं आणि त्याचं वजन दाखवतं. समजा स्टिकरवर ५०० आहे आणि निघाला ३२०. म्हणजे १८० ग्रॅम गळाला आणि एसी का मंद होता ते कळलं. गळती दुरुस्त केल्यावर अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम लावायचा. यात कंजुषी करणारे पुष्कळ आहेत, दहा मिनिटांत पंप बंद करतात. कोकणात तरी हे चालत नाही. पीओई तेल हवेतली ओल स्पंजासारखी पितं, आणि ओल राहिली तर तेलाचं आम्ल बनायला लागतं. खोल व्हॅक्यूममध्ये पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं, ती वाफ पंप बाहेर काढतो. त्याला वेळ लागतो. जून-जुलैत पाइप उघडला तर त्याचं तोंड लगेच बंद करून ठेवावं लागतं आणि ओल शोषणारा ड्रायर बदलणं श्रेयस्कर. नंतर पंप बंद करून काटा पंधरा-वीस मिनिटं जागेवर राहतो का ते बघायचं. राहिला, तर जेवढं तेल निघालं तेवढंच, त्याच नावाचं परत घालून गॅस वजनाने भरायचा.

हे सगळं वाचून कुणी विचारेल, बाजारात छोटे कॅन मिळतात, नळी आणि गेजसकट, ते घरी लावले तर? पट्ट्यावरचा कंप्रेसर असेल तर काळजीपूर्वक केलेलं काम अंगाशी येईलच असं नाही. फक्त शुद्ध गॅसचा कॅन घ्यायचा, कमी दाबाच्याच तोंडाला लावायचा, कॅन उभा धरायचा, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर किती गेला ते बघायचं, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे. जास्त दाबाच्या बाजूला कॅन लावला तर तो फुटू शकतो. दोन तोंडांची मापं त्यासाठीच वेगळी ठेवली आहेत. तरीही आत आधी किती गॅस आहे हे कळत नसल्याने तो अंदाजच. नारिंगी केबलच्या कंप्रेसरला मात्र माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. कॅनमध्ये कुठलं तेल मिसळलं आहे ते बऱ्याचदा लिहिलेलंही नसतं. काहींत गळती बुजवणारं रसायन असतं, ते बारीक भोकाचा व्हॉल्व्ह बंद करतं आणि नंतर वर्कशॉपचं मशीनही खराब करतं. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडेही आर-१३४ए असतो, गॅस तोच असतो, हेही खरं. पण त्याच्या नळ्यांतून कुठकुठलं तेल गेलेलं असतं ते त्यालाही सांगता येत नाही.

गळती तशीच ठेवून दर उन्हाळ्यात गॅस भरणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. हा गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या १४०० पटींच्या घरात आहे. गळालेला अर्धा किलो म्हणजे जवळजवळ सातशे किलो कार्बन डायऑक्साइड. पेट्रोल वाचवायला हायब्रिड घेतली असेल तर हा आकडा डोक्यात ठेवावा. भारताने २०२१ मध्ये मान्य केलेल्या किगाली करारानुसार हे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ येतो आहे. त्याची तोंडं वेगळी, तो थोडा ज्वलनशील, आणि दोन गॅस एकमेकांत मिसळायचे नाहीत.

वर्कशॉपमध्ये गेलात की आधी विचारा: भाऊ, हायब्रिडचं पीओई तेल आहे का, नळ्या वेगळ्या आहेत का, गॅस वजनाने भरता का? ज्याला हे येतं त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. जो म्हणेल "काय फरक पडता, सगळो गॅस एकच", तिथून गाडी शांतपणे बाहेर काढा, कणकवली असो की रत्नागिरी. आणि काम झाल्यावर एका कागदावर लिहून घ्या: तारीख, किती ग्रॅम निघाला, किती भरला, कुठलं तेल किती घातलं, गळती कुठे सापडली. तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. सरांच्या गाडीत असा कागद असता तर आदल्या ठिकाणी कुठलं तेल घातलं हे विचारायला मला तीन फोन करावे लागले नसते. आता त्यांच्या गाडीत तो आहे. गेल्या आठवड्यात फिल्टर बदलायला आले तेव्हा त्यांनी तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलेला दाखवला.